तेर म्हणजेच तगर: तेरणाकाठच्या गावाचा अगदी जुना काळ

तेरणाकाठ (धागाकर्ता)

धाराशिवच्या ईशान्येला साधारण वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर आहे. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. आषाढी-कार्तिकीला जाणारी जुनी माणसं अजूनही 'तेरढोकी' असंच जोडून म्हणतात. पण गोरोबाकाका तेराव्या शतकातले. मला त्यांच्याही हजार-बाराशे वर्षं आधीच्या तेरबद्दल बोलायचंय, कारण त्या काळात हे गाव आजच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

सुरुवात एका ग्रीक मजकुरापासून करतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून तांबड्या समुद्रातून भारतात ये-जा करणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. तेच 'पेरिप्लस'. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण माणूस नेमकं लिहिणारा होता. दख्खनमधल्या दोन बाजारपेठा त्याला खास वाटल्या. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगराला तो 'फार मोठं शहर' म्हणतो. पैठणहून अकीकासारखे दगड भरपूर येतात. तगराहून येतं कापड: जाडंभरडं खूप, मलमलीचे सगळे प्रकार, आणि आणखी एक रंगीत किंवा खास धाग्याचं कापड, ज्याच्या ग्रीक नावाचा अर्थ अभ्यासक आजही लावत बसलेत. शिवाय समुद्रकिनाऱ्याकडच्या मुलखातून तगरात येऊन पडलेला मालही पुढं जातो. आणि हे सगळं गाड्यांमधून, धड वाट नसलेल्या मोठमोठ्या पट्ट्यांतून भडोचला उतरतं. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही पैठणच्या जोडीनं तगर आहेच.

मग हे तगर गेलं कुठं? शोध सुरू झाला तो ठाण्यात सापडलेल्या एका ताम्रपटामुळं. कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातला राजा अरिकेसरी याचा तो ताम्रपट, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चा. त्यात राजाला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, म्हटलंय. १७८८ च्या सुमाराला विल्फर्डनं तगरावर लेख लिहिला आणि त्याला ते देवगिरी-दौलताबाद वाटलं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं. रा. गो. भांडारकरांनी धारूर म्हटलं. शंभरेक वर्षं तगर असं नकाशावर फिरत राहिलं. शेवटी १९०१ मध्ये शिलालेखांचा अभ्यासक फ्लीटनं तेरचं नाव पुढं केलं, त्याच सुमाराला हेन्री कझिन्सनं प्रत्यक्ष गावात येऊन देवळं, टेकाडं, विटा पाहिल्या, आणि तो प्रश्न बऱ्यापैकी मिटला. पुढं १९५८ मध्ये चापेकरांनी आणि नंतरच्या दशकात इतरांनी उत्खननं केली, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. तेरचा जुना इतिहास राजांच्या यादीत शोधायला गेलं की हात रिकामे येतात. इथं ना सातवाहनांची राजधानी, ना नाणेघाटासारखा मोठा शिलालेख. तेरचा इतिहास मातीत आहे: विटांत, मातीच्या बाहुल्यांत, ठशांत, खापरांत. पैठण राजाचं गाव होतं, तेर कारागिरांचं. त्या अंगानं कुणी काही पाहिलं, वाचलं असेल तर इथं लिहा.

नकाशेवाला

छान धागा. पण एक शंका आहे आणि ती मला नेहमी टोचते. तेर पैठणच्या पूर्वेला कुठंय? ते तर आग्नेयेला आहे, त्यातही दक्षिणेकडंच जास्त झुकलेलं. पेरिप्लसवाला एवढा नेमका होता म्हणता, मग दिशा का चुकवेल?

तेरणाकाठ

प्रश्न रास्त आहे, फ्लीटलाही याचं उत्तर द्यावं लागलं होतं. दिशेपेक्षा अंतर बघा. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, वाट वीस दिवसांची. म्हणजे दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर, दहा दिवस. म्हणजे दिवसाला पंधरा. मालानं भरलेल्या बैलगाडीची दोन्ही वाटांवरची चाल जवळपास सारखीच येते. जुन्नर किंवा देवगिरी धरलं तर हे गणित पार मोडतं. देवगिरी पैठणहून दोन-तीन मुक्कामांवर, आणि जुन्नर तर उलट पश्चिमेला.

दिशेचं म्हणाल, तर तो माणूस भडोचच्या धक्क्यावर बसून गाडीवानांकडून ऐकलेलं लिहीत होता. भडोचहून पैठणसुद्धा सरळ दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे, आणि त्याला तो दक्षिण म्हणतो. दोन्हीकडं त्यानं अर्धी दिशा टाकून दिलीय. एकदा दक्षिण ठेवली, एकदा पूर्व.

नकाशेवाला

हे पटलं. दोन्हीकडं सारखीच चूक आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ओवीवेडी

नावाबद्दल थोडं. तगरचं तेर होणं हा ओढूनताणून आणलेला प्रकार नाही, मराठीत हे सर्रास झालंय. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' गळतो आणि तिथं 'य' येतो. नगरचं 'नयर' झालं आणि पुढं ते आखडून 'नेर' झालं. संगमनेर, अंमळनेर, पारनेर ही सगळी गावं त्याच वाटेनं आलीत. तसंच तगर, तयर, तेर. अकराव्या शतकातल्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात 'तेरापुर' आलंय, आणि त्याच्या जवळच्या डोंगरातल्या जैन लेण्यांची कथाही आहे. धाराशिवची लेणी ज्यांनी पाहिलीत त्यांना ती जागा लगेच ओळखू येईल. म्हणजे ताम्रपटात राजे संस्कृत रूप मिरवत होते तेव्हा लोकांच्या तोंडी गाव 'तेर' झालेलंच होतं.

आणि नदीचं नाव बघा. तेरणा. गाव आणि नदी एकमेकांच्या नावानं ओळखली जातात.

बालाघाटी

मी त्याच पट्ट्यातला, वय आता सत्तरीच्या पुढं. पुस्तकातलं मला फार कळत नाही, पण टेकाडांबद्दल सांगतो, कारण शहरात वाढलेल्यांना 'पांढरी' म्हणजे काय हेच आता ठाऊक नसतं.

आमच्याकडं जमिनीचे दोन भाग. पिकती ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जिथं शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या आणि पुन्हा उठल्या, तिथली माती पांढुरकी, भुसभुशीत होते. तेरच्या भोवती अशा पांढरीची मोठमोठी टेकाडं. माझ्या लहानपणी सगळ्यांची घरं धाब्याची. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायचीच, नाहीतर घर गळणार, कारण काळी माती भेगाळते आणि पांढरी पाणी खाली झिरपू देत नाही. मग गाढवं घेऊन, टोपल्या घेऊन टेकाडावर जायचं आणि खणायचं. शेतात खत म्हणूनही गाड्याच्या गाड्या नेत.

ती माती चाळताना काय काय निघायचं! मणी तर मुठीमुठीनं. लाल, काळे, पांढऱ्या रेघांचे. आया ते पोरांच्या करगोट्यात ओवायच्या. पहिला मोठा पाऊस पडून गेला की आम्ही पोरं टेकाडाच्या उतारावर फिरायचो. पाण्यानं माती वाहून गेलेली असायची आणि वर खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडायचे. नाणं सापडलं तर पोरं ते दुकानात देऊन गूळ-फुटाणे घ्यायची. आता आठवलं की जीव हळहळतो. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

तेरणाकाठ

बालाघाटी काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वर मी उत्खननांबद्दल लिहिलं, पण तेरचं जे आज शिल्लक आहे त्यातलं पुष्कळसं तुम्ही सांगता त्याच पावसाळी उतारांवरून उचललेलं आहे. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं लोकांना सापडलेल्या अशा वस्तू जमवल्या, जपल्या आणि शेवटी तो संग्रह शासनाकडं सोपवला. त्यांच्याच नावाचं वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये उभं आहे. एका माणसानं गूळ-फुटाण्यांच्या वाटेवरून हजारो वस्तू परत वळवल्या. तगराबद्दल आपण आज जे ठामपणे बोलतो त्यातलं निम्मं श्रेय मी त्यांना देईन.

उभा आडवा

मी हातमागावर काम केलंय, म्हणून कापडाच्या मुद्द्यावर लिहितो. पेरिप्लसमधली तगराची यादी वाचताना मला जाडंभरडं कापड पहिल्यांदा दिसलं. मलमलीचं कौतुक सगळे करतात, पण जाड कापडाला परदेशात खप असणं हे गावाच्या दृष्टीनं जास्त मोठं. मलमल विणणारे हात थोडे असतात, जाडंभरडं घरोघर विणलं जातं. म्हणजे तगराच्या पन्नास-शंभर कोसांत मागच माग चालत असणार आणि तो सगळा माल तेरच्या पेठेत गोळा होत असणार. काळी कपाशीची जमीन, बारमाही नाही तरी कामापुरतं पाणी देणारी नदी, आणि बालाघाटाच्या पठारावरून चारी दिशांना उतरता येईल अशी जागा. कापडाच्या पेठेला आणखी काय लागतं?

एक विचारतो. तेरहून कल्याण कितीतरी जवळ पडतं. नाणेघाट उतरलं की झालं. मग गाड्या भडोचपर्यंत का ओढायच्या?

तेरणाकाठ

त्याचंही उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. तो म्हणतो की कल्याण आधी रीतसर बाजारपेठ होती, पण आता तिथल्या व्यापाराला अडथळा केलाय, आणि ग्रीक जहाज चुकून तिथं लागलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात. तेव्हा भडोच क्षत्रपांच्या, म्हणजे शक राजा नहपानाच्या ताब्यात होतं आणि सातवाहनांशी त्यांची झुंज चालली होती. कल्याणची कोंडी करून माल स्वतःच्या बंदरात ओढणं हा त्या झुंजीचाच भाग. म्हणजे तेरच्या विणकराचं कापड तीस दिवस गाडीत हिंदकळत जायचं ते दोन राजवटींच्या भांडणापायी. वाटेत किती जकाती, किती नद्या आणि किती घाट! तरीही माल जात होता, यावरून त्याला किंमत काय येत असेल याचा अंदाज करा.

'समुद्रकिनाऱ्याकडचा माल' हा बहुतेक अभ्यासकांच्या मते पूर्व किनाऱ्याचा. आंध्रातून कोंडापूरमार्गे पठारावर येणारी वाट तेरवरून पैठणला जात होती. म्हणून तेरला मी नुसतं पेठ म्हणणार नाही, तो नाका होता. दोन समुद्रांमधला.

लेणीभटक्या

त्रिविक्रम मंदिराबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? तेरमध्ये आधी तेच पाहावं. बाहेरून पाहिलं की कार्ल्याचं किंवा भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, डोंगरातून उपसून मोकळ्या जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं. मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं गोलसर छप्पर, दर्शनी भागात चैत्यकमान. फरक एवढाच की लेणी दगडात कोरलेली आणि हे विटांनी रचलेलं. डोंगरातल्या लेण्या ज्यांची नक्कल होत्या ती उभी चैत्यगृहं महाराष्ट्रात जवळपास सगळी नाहीशी झाली, आणि त्या घडणीची वास्तू छपरासकट इथं टिकून आहे. आंध्रात चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर याच जातीचं. पुढचा मंडप नंतर जोडलेला. कझिन्सनं ही मूळची बौद्ध वास्तू असावी असं म्हटलं, आणि पुढं उत्खननात तेरमध्ये विटांचा मोठा स्तूपही निघाला, आतून चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती घालून बांधलेला. तीही आंध्राकडची तऱ्हा.

विटांकडं नीट बघा. जुन्या विटा आजच्यापेक्षा लांबरुंद आणि त्यातल्या काही इतक्या हलक्या की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. मातीत भाताचं तूस मिसळायचं. भट्टीत ते जळून जातं आणि विटेत बारीक बारीक पोकळ्या राहतात. छपरासाठी हलकी वीट मिळाली की खालच्या भिंतींवर भार कमी.

विठूची लेक

लेणीभटक्या दादा, माहिती आवडली, पण 'मूळची बौद्ध' हे लोक असं बोलतात की जणू आजचं देऊळ खोटं आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. माझं आजोळ त्या भागातलं. आत काळ्या पाषाणातली त्रिविक्रमाची मूर्ती आहे, एक पाय वर आभाळाकडं टाकलेला. आजी तिच्यापुढं हात जोडून उभी राहायची तेव्हा तिच्यासाठी ते पहिल्यापासून विष्णूचंच होतं. आकार चैत्याचा आहे म्हणून वास्तू बौद्धच, हेही सगळे अभ्यासक मानत नाहीत. गजपृष्ठाकार देवळं ब्राह्मणी परंपरेतही बांधली जात होती.

लेणीभटक्या

ताई, तुमचा मुद्दा मान्य. बांधणीचा काळ आणि मूळ संप्रदाय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, मी ते जरा सैल हातानं लिहिलं. मला सांगायचं होतं ते वेगळंच. स्तूपाचा पाया, त्रिविक्रम, उत्तरेश्वर, महावीराचं मंदिर, हे सगळं एका लहानशा गावात चालत अर्ध्या तासात पाहून होतं. एकावर एक थर चढले आणि आधीच्या थराला कुणी पुसून टाकलं नाही. उत्तरेश्वराच्या मूळ देवळाची कोरीव लाकडी चौकट तर आज संग्रहालयात आहे. हजारेक वर्षांपूर्वीचं लाकूड आपल्या हवेत टिकणं किती दुर्मीळ! वेलबुट्टी अजून बोटाला लागेल इतकी उठावदार आहे.

जुनं नाणं

शिलाहार ठाणे, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर इथं राज्य करत होते. तेर त्यांच्या ताब्यात कधी होतं असा पुरावा दिसत नाही. तरी ठाणे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला तगराचे अधीश्वर म्हणवतात. मला यात त्या गावाच्या पूर्वीच्या लौकिकाचा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. दहाव्या-अकराव्या शतकात व्यापार आटलेला, गाव लहान झालेलं, पण 'आम्ही मूळचे तगरचे' असं म्हटल्यानं कोकणातल्या राजाची उंची वाढत होती. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या एका ताम्रपटातही दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी आहे. म्हणजे सातव्या शतकातही गाव नांदतं होतंच.

नाण्यांचा छंद असल्यामुळं आणखी एक. तेरला मातीचे गोल ठसे सापडलेत, रोमन नाण्यांवरून उठवलेले. वर ओवायला भोक किंवा कडी. रोमचं सोन्याचं नाणं श्रीमंताच्या गळ्यात, आणि ज्याला ते परवडत नाही त्यानं त्याचा मातीचा ठसा दोऱ्यात ओवायचा. सम्राटाचा चेहरा तेरणाकाठच्या बाईच्या गळ्यात आणि तो कुणाचा हे तिला ठाऊकही नसावं. तिच्या लेखी ते ताईत असेल, नाहीतर नुसता दागिना.

उभा आडवा

हस्तिदंती बाहुलीचं कुणी लिहा ना. ती पाहायलाच मी गेलो होतो.

तेरणाकाठ

लामतुरे संग्रहातला तो सगळ्यात नावाजलेला तुकडा. हस्तिदंतात कोरलेली स्त्री, अंगावर दागिन्यांची दाटी, सातवाहन काळातली. १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेतून अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली. तशीच आणखी एक आपल्या भोकरदनला सापडली, म्हणजे जुन्या भोगवर्धनला. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या लिपीतलं, अक्षर आहे, त्यामुळं ती थेट मराठवाड्यातूनच गेली असं मी म्हणणार नाही. पण तेर, भोकरदन आणि पॉम्पेई इथल्या तीन मूर्ती शेजारी ठेवल्या तर एकाच कुळातल्या बहिणी वाटाव्यात.

चाकावरची माती

उशिरा आलोय धाग्यावर. आम्ही कुंभार, गोरोबाकाकांना मानणारे. घरचं चाक वडिलांपर्यंत चाललं, मी थोडं शिकलो.

हस्तिदंती मूर्तीपुढं गर्दी असते, म्हणून मी पलीकडच्या कपाटापाशी थांबलो होतो. तिथं पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या आहेत. केसांची ठेवण, डोक्यावरची वेष्टनं, कानातली कुंडलं इतकी बारीक की सुईनं काढल्यासारखी. पण ती सुईनं काढलेली नाहीत, साच्यातली आहेत, तेही दोन साच्यांतली. एक पुढचा, एक मागचा. दोन्हीत पातळ माती दाबायची, मग दोन अर्धी एकत्र जोडायची. आत पोकळ राहतं म्हणून भाजताना फुटत नाही. हे तंत्र रोमकडून आलं असं पुष्कळजण मानतात. ते असेलही. पण नुसतं तंत्र कळून भागत नाही. दोन अर्ध्यांचा ओलावा सारखा लागतो. एक जरा वाळलं आणि दुसरं ओलं राहिलं की जोड भट्टीत उकलतो. ते बोटालाच कळतं.

एक बाहुली कमरेपाशी फुटलेली होती, त्यामुळं तिचं आतलं अंग दिसत होतं. बाहेर सगळी नजाकत, आणि आत माती साच्यात दाबताना उमटलेले बोटांचे खळगे, एकाशेजारी एक. वडील बरोबर होते. त्यांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "अंगठ्यानं दाबलंय, आणि घाईत."